सामोरी तूरे आणि एका आडनावाचा प्रवास

दरवर्षी जूनमध्ये पहिल्या तासाला हजेरी घेताना माझी एक खोड आहे. पाटील, देसाई, कुलकर्णी अशी नावे वाचत असताना या मुलाच्या घरी मराठी बोलत असतील की कन्नड, याचा मी मनाशी अंदाज बांधतो आणि निम्म्या वेळा साफ चुकतो. याच वार्षिक अंकाच्या मराठी विभागात एका पाटलाची कविता असते आणि कन्नड विभागात दुसऱ्या पाटलाची कथा. दोघांची ओळख असतेच असे नाही. आडनावाला भाषेची वेस नसते, ही गोष्ट आपल्या भागात कुणाला शिकवावी लागत नाही.

याच खोडीपायी मी एका आफ्रिकन आडनावाच्या मागे लागलो. ते आडनाव तूरे. आणि ज्याच्यामुळे ते जगाला ठाऊक झाले तो पुरुष म्हणजे सामोरी तूरे. विद्यार्थिदशेत हे नाव मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला तो कालिकतचा सामुरी वाटला होता, हे कबूल करायला आता लाज वाटत नाही. आपल्या अभ्यासक्रमात आफ्रिका येते ती युरोपियनांनी वाटून घेतलेला नकाशा म्हणून. त्या नकाशावरच्या रंगांखाली कोण माणसे होती, हे परीक्षेला विचारत नाहीत.

सामोरीची हकीकत सांगण्याआधी त्याच्या आडनावाची सांगितली पाहिजे, कारण त्याच्या जन्माच्या कितीतरी शतके आधी ते चालत आले होते. सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेला, आजच्या मॉरिटानिया आणि मालीच्या सीमेवर, सोनिंके लोकांचे घाना नावाचे जुने राज्य होते. (आजचा घाना देश वेगळा आणि त्या जागेपासून पुष्कळ दूर आहे; त्याने ते नाव १९५७ साली आदराने घेतले.) सोनिंके भाषेत तूरे म्हणजे हत्ती, अशी या आडनावाची व्युत्पत्ती सांगितली जाते. तूरे घराण्यातले लोक मात्र आपला उगम मक्केकडे नेतात. आपल्याकडे प्रत्येक सरदार घराण्याचा वेल राजपुतान्यात नेऊन सोडायची रीत होती, त्यातलाच हा प्रकार असावा. हत्तीवर मक्केचा साज चढला, एवढेच म्हणावे.

घानाचे राज्य मोडले, तेराव्या शतकात मालीचे साम्राज्य उभे राहिले, आणि सोनिंके व्यापारी दक्षिणेकडे पसरत गेले. जाताना त्यांनी दोन गोष्टी नेल्या : इस्लाम आणि आडनाव. भाषा मात्र वाटेत बदलली. जिथे वस्ती केली तिथली मांदे कुळातली बोली त्यांनी उचलली, आणि पुढे अशा फिरत्या मुसलमान व्यापाऱ्यांना द्यूला म्हणू लागले. दक्षिणेच्या जंगलातून कोलाची फळे उत्तरेला न्यायची, उत्तरेकडून मीठ, कापड आणि घोडे आणायचे, हा त्यांचा धंदा. राजे वेगळे, जमीन दुसऱ्याची, देव दुसऱ्यांचे. द्यूला लोक आपल्या वाड्यांत कुराण शिकवीत आणि राजाला ताईत करून देत. मांदे लोकांत मोरी म्हणजे धर्मविद्येची मानली गेलेली पाच घराणी सांगतात. यादी गावोगाव थोडी बदलते, पण तूरे, सिसे आणि बेरेते ही तीन नावे तीत हमखास असतात. वाचकांनी ही तीन नावे लक्षात ठेवावीत.

त्या समाजात आडनावाला जामू म्हणतात आणि त्याचे महत्त्व आपल्यापेक्षा जास्त आहे. परका भेटला की त्याचे जामू विचारायचे आणि नमस्काराचे उत्तर म्हणून ते त्याच्यासमोर पुन्हा पुन्हा उच्चारायचे, हा मान. काही आडनावांत ठरीव थट्टेचे नाते असते : केइता आणि कुलिबाली, किंवा त्राओरे आणि जारा, एकमेकांची हवी तशी टिंगल करू शकतात, आणि त्याचा राग धरणे हेच असभ्यपणाचे. स्त्री लग्नानंतर आपले जामू सोडत नाही. परक्या मुलखात गेल्यावर एका आडनावाचा माणूस तिथल्या समतुल्य आडनावाने ओळखला जातो. मालीतला त्राओरे सेनेगलमध्ये ज्योप होतो, जारा असेल तर न्जाय. घरातला गुलामही बहुधा धन्याचेच जामू लावी. म्हणून आडनाव सारखे म्हणजे रक्त सारखे, असा हिशेब तिथे धरता येत नाही.

आता सामोरी. त्याचा जन्म १८३० च्या सुमाराचा, आजच्या गिनी देशाच्या आग्नेय भागात, कोन्यान या डोंगराळ मुलखातल्या मान्यांबालादुगु गावी. बाप लान्फिया तूरे. आडनाव मोरींचे, द्यूलांचे. पण घरात ना कुराण उरले होते ना मोठा व्यापार. दोनचार पिढ्यांपूर्वी हे तूरे कामारा लोकांच्या मुलखात स्थायिक झाले, त्यांच्यात सोयरिकी केल्या, शेती धरली आणि त्यांचेच देव पुजू लागले. सामोरीची आई सोखोना ही कामारांचीच लेक. म्हणजे धर्म गेला, धंदा गेला, भाषा तर केव्हाच गेली होती. उरले फक्त जामू. मला या माणसाच्या चरित्रातली ही पहिली गोष्ट फार अर्थपूर्ण वाटते. रिकामे झालेले आडनाव या मुलाच्या वाट्याला आले आणि ते त्याने काय काय भरून पुढे दिले, हेच त्याचे आयुष्य.

तरुणपणी त्याने घरातला जुना धंदा परत धरला आणि कोलाच्या व्यापारात हिंडू लागला. १८५३ च्या सुमारास तो बाहेर असताना सिसे घराण्याच्या फौजेने त्याच्या मुलखावर धाड घातली आणि त्याच्या आईला कैद करून नेले. सिसे हे कट्टर धर्मनिष्ठ मोरी. मदिना नावाचे त्यांचे ठाणे होते आणि मूर्तिपूजकांविरुद्ध धर्मयुद्ध हे त्यांचे निमित्त. सामोरी त्यांच्याकडे गेला आणि आईच्या सुटकेसाठी स्वतः त्यांच्या चाकरीला राहिला. लोककथेत ही चाकरी सात वर्षे, सात महिने आणि सात दिवस चालली असे म्हणतात. कथेचा आकडा कथेला शोभेसा आहे, पण मुक्काम दीर्घ होता यात शंका नाही. तिथेच तो हत्यार चालवायला शिकला, बंदुकीचा हिशेब शिकला, आणि तिथेच त्याच्या पूर्वजांनी सोडलेले कुराण त्याच्या हाती पुन्हा आले. आईला धरून नेणाऱ्यांनीच त्याला त्याचा धर्म परत दिला.

आई सुटली. सामोरीने सिसेंना सोडले आणि काही काळ त्यांच्या वैऱ्यांकडे, बेरेतेंकडे, चाकरी केली. तिथेही जमले नाही. मग १८६१ साली त्याने आपल्या मामांच्या, कामारांच्या लोकांना जमवले आणि सिसे व बेरेते या दोघांपासून त्यांचे रक्षण करण्याची शपथ घेतली. पाहा कशी मौज आहे : मोरींच्या तीन आडनावांपैकी एक तूरे, उरलेल्या दोघांविरुद्ध, मूर्तिपूजक मामांच्या बळावर उभा राहतो. मांदे भाषेत दोन शब्द आहेत. फादेन्या, म्हणजे एका बापाच्या लेकरांमधली चुरस आणि वैर. आणि बादेन्या, म्हणजे एका आईच्या लेकरांची माया आणि एकी. पहिल्याला आपल्याकडे भाऊबंदकी हा नेमका शब्द आहे. दुसऱ्याला मराठीत तसा एकच शब्द मला सुचत नाही; आजोळ म्हटले तर थोडे जवळ जाते. आडनाव फादेन्याच्या बाजूचे. सामोरीने नाव बापाचे लावले आणि राज्य आईच्या नात्यावर उभारले.

पुढची वीस वर्षे भराभर सांगतो. गावामागून गाव त्याच्याकडे आले, काही लढून, पुष्कळशी बोलणी करून. १८७० च्या दशकात त्याने बिसान्दुगु येथे राजधानी केली. १८८१ साली कांकान हे व्यापाराचे मोठे शहर त्याच्या हाती आले आणि त्याच वर्षी सिसेंची सत्ताही त्याने मोडून काढली. राज्याला वासुलू असे नाव पडले. १८८४ साली त्याने अल्मामी, म्हणजे धर्माने पुढारी असलेला राजा, हा किताब घेतला, आणि थोड्याच काळात सगळ्या प्रजेवर इस्लाम सक्तीचा केला. ज्या मामांच्या जोरावर तो वर आला होता त्यांचे देव आता बंद झाले. त्याच्या घरातूनही याला विरोध झाला. माझ्या मते सामोरीने राजकारणात केलेली ही पहिली मोठी चूक. मोरींचे आडनाव सार्थ करण्याची त्याला घाई झाली.

चूक अंगाशी आली ती १८८८ साली. पूर्वेला सिकासो येथे तिएबा त्राओरेचे राज्य होते. सामोरीने १८८७ साली सिकासोला वेढा घातला आणि तो वर्षाहून अधिक काळ चालवला. मातीचे जाड तट काही पडेनात. रसद पुरवून पुरवून मागची गावे रिकामी झाली, त्यात धर्माची सक्ती. शेवटी निम्मे राज्य बंड करून उठले. वेढा उठवून सामोरी परतला आणि बंड त्याने अतिशय निर्दयपणे मोडले. सक्ती मात्र नंतर सैल केली. शहाणपण आले, पण माणसे मेल्यावर.

एव्हाना फ्रेंच आलेले होते. सेनेगलमधून नायजर नदीकडे सरकणाऱ्या त्यांच्या फौजेशी सामोरीची पहिली चकमक १८८२ साली केनिएरा येथे झाली. पुढच्या वर्षी बामाकोजवळ वोयोवायांको ओढ्याकाठी त्याचा भाऊ केमे बुरेमा याने फ्रेंचांना काही काळ चांगलेच रोखले. ग्रियो, म्हणजे तिथले वंशपरंपरागत भाट, केमे बुरेमावर रचलेले गीत आजही गातात, आणि सामोरीची स्तुती त्या भावाच्या नावाच्या गाण्यातच ओवलेली असते. मग १८८६ आणि १८८७ साली तह झाले. पहिल्या तहानंतर सामोरीने आपला मुलगा कारामोको याला फ्रान्सला पाठवले. पॅरिसमध्ये फ्रेंचांनी त्याचे कौतुक केले, कवायती दाखवल्या, तोफा दाखवल्या. मुलगा परत आला तो हे पाहून की यांच्याशी लढून निभाव लागणार नाही.

सामोरीची समजूत वेगळी होती. लढायचे तर फ्रेंचांसारख्याच बंदुका हव्यात, हे त्याने ओळखले. फ्रीटाऊनच्या इंग्रज व्यापाऱ्यांकडून त्याने मागून भरायच्या नव्या रायफली विकत घेतल्या. १८९० च्या ब्रुसेल्सच्या करारानंतर युरोपियनांनी आफ्रिकेत हत्यारे विकण्यावर निर्बंध घातले आणि ही वाट अरुंद होत गेली. तेव्हा त्याच्या लोहारांनी फ्रेंच रायफली उघडून, तुकडा तुकडा पाहून तशाच घडवायला सुरुवात केली. भात्यावर बसलेले शेकडो लोहार रोज थोड्या थोड्या बंदुका तयार करीत. काडतुसेही गावठीच. दारू नीट नसे, नेम कमी लागे. तरी कारखाना म्हणावा असे काही त्या रानात उभे राहिले.

आता या सगळ्याला पैसा कुठून? हा प्रश्न विद्यार्थी विचारीत नाहीत म्हणून मी मुद्दाम विचारतो. सोने होते, हस्तिदंत होते, कोलाचा व्यापार होता. पण घोडे उत्तरेकडून येत आणि त्यांची किंमत बहुतांशी माणसांत चुकवली जाई. जिंकलेल्या गावांतले कैदी घोड्यांच्या बदल्यात विकले गेले. ज्याने आईला कैदेतून सोडवण्यासाठी आपली तरुण वर्षे दिली, त्याच्या फौजेने किती आया बांधून नेल्या याचा हिशेब नाही. त्याच्या गौरवाच्या पुस्तकांत हे पान बहुधा गाळलेले असते. फ्रेंचांच्या पुस्तकांत हेच एक पान मोठ्या अक्षरांत असते, जणू त्यांचा त्या देशातला कारभार धर्मादाय होता.

१८९१ च्या एप्रिलमध्ये कर्नल आर्शिनारने कांकान घेतले, १८९२ साली बिसान्दुगुही पडले. तेव्हा सामोरीने जे केले ते युद्धशास्त्राच्या दृष्टीने विलक्षण आहे. त्याने राज्यच उचलून पूर्वेला नेले. फौजेचे भाग केले : एकाने फ्रेंचांना अडवायचे, दुसऱ्याने माणसे, गुरे, धान्य हलवून मागची गावे जाळायची, तिसऱ्याने पुढचा नवा मुलूख जिंकायचा. शत्रूच्या हाती राख यावी. बिसान्दुगुहून सरळ रेषेत सुमारे पाचशे किलोमीटर दूर, आजच्या आयव्हरी कोस्टमधल्या दाबाकाला येथे १८९३ पासून नवी राजधानी वसली. दक्षिणेत मोगलांना झुंजवत ठेवणाऱ्या आपल्या गनिमी काव्याची वाचकांना आठवण होईल, मलाही झाली. पण फरक आहे. मराठे आपल्याच मुलखात फिरत होते. सामोरीचा नवा मुलूख दुसऱ्यांचा होता, आणि त्या दुसऱ्यांच्या दृष्टीने फ्रेंचांइतकाच तोही चढाई करून आलेला परका होता.

या नव्या मुलखात काँग नावाचे शहर होते. द्यूलांचे शहर. वातारा घराण्याचे राज्य, मशिदी, मदरसे, दूरदूरच्या विद्यार्थ्यांची वर्दळ. बिंजे नावाचा फ्रेंच अधिकारी १८८७ साली सिकासोच्या वेढ्यात सामोरीला भेटून पुढे १८८८ च्या फेब्रुवारीत काँगला पोचला, तेव्हा त्याला ते नांदते, सुखवस्तू, विद्येचे ठाणे दिसले. सामोरी तिथे आला तेव्हा, १८९५ साली, काँगने त्याचे स्वामित्व मान्य केले. दोन वर्षांनी काँगचे व्यापारी फ्रेंचांशी संधान बांधीत असल्याचा त्याला संशय आला. संशय बहुधा खराही होता. १८९७ च्या मे महिन्यात त्याने काँग उद्ध्वस्त केले. घरे गेली, मशिदी गेल्या, पोथ्या गेल्या, विद्वान मारले गेले किंवा पळाले. तूरे या आडनावात मूळचे जे जे होते, व्यापार, कुराण, प्रवास, ते सगळे एका शहरात पाहायचे तर काँगमध्ये पाहावे. एका तूरेनेच ते जाळले. सामोरीच्या आयुष्यातली ही गोष्ट मी वाचली त्या दिवशी पुस्तक मिटून ठेवले होते. मनात त्याच्याबद्दल निर्माण झालेला आदर गेला नाही, पण तो पहिल्यासारखाही राहिला नाही.

घरातही तसेच. कारामोको, पॅरिस पाहून आलेला मुलगा, सतत तहाच्या बाजूने बोलत राहिला. त्याने फ्रेंचांशी आतून बोलणी लावली असा आरोप आला. १८९४ च्या सुमारास बापाने त्याला एका झोपडीत कोंडले आणि उपाशी मरू दिले. मुलाने जे पाहिले होते ते खरे होते, आणि बापाला झुंज द्यायची होती हेही खरे होते. या दोन खऱ्यांच्या मध्ये तो गेला.

१८९८ च्या मे महिन्यात फ्रेंचांनी सिकासो जिंकले आणि सामोरीची पूर्वेची वाट बंद झाली. तो लायबेरियाच्या डोंगरांकडे वळला. पावसाळा, घनदाट रान, बरोबर हजारो माणसे आणि खायला काही नाही. उपासमारीने फौज गळत गेली. २९ सप्टेंबर १८९८ रोजी सकाळी गेलेमू येथील छावणीत कॅप्टन गुरो याच्या लहानशा तुकडीने त्याला लढाईविना पकडले. कुराण पढत असताना त्याच्यावर झडप पडली असे सांगतात. हा गुरो तेव्हा तिशीचा होता. पुढे तो जनरल झाला, पहिल्या महायुद्धात त्याने एक हात गमावला आणि १९२० साली सीरियात फ्रेंच सत्ता बसवली. सामोरीला पकडणे ही त्याच्या बढतीची पहिली पायरी.

राजांना मारायचे नाही, त्यांच्याच माणसांनी विसरावे इतके दूर नेऊन ठेवायचे, ही त्या काळातल्या सगळ्याच साम्राज्यांची रीत होती. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी रत्नागिरीला आणून ठेवले ते आपल्याला ठाऊक आहे. दाहोमेच्या बेहान्झिनला फ्रेंचांनी मार्टिनिक बेटावर धाडले. सामोरीच्या वाट्याला गॅबन आले, विषुववृत्तावरचे दमट रान, ओगोवे नदीतले एक बेट. मोरीफिंजान जाबाते हा त्याचा ग्रियो आणि सल्लागार स्वतःहून बरोबर गेला. भाटाने राजाची कीर्ती गायची ती राजा गादीवर असताना. हा तुरुंगापर्यंत सोबत गेला. २ जून १९०० रोजी न्युमोनियाने सामोरीचा अंत झाला. वय सत्तरीच्या घरात.

माणूस संपला, आडनाव चालत राहिले. फ्रेंच कारकुनांनी ते आपल्या लिपीत एका रीतीने लिहिले, सिएरा लिओनच्या इंग्रजांनी दुसऱ्या रीतीने, गांबियात तिसरी रीत पडली. एकाच कुळाची मुले तीन देशांच्या दप्तरांत तीन वेगळ्या आडनावांची दिसतात. उत्तरेला, नायजरच्या मोठ्या वळणावर, सोंघाय भाषा बोलणारे तूरे आहेत. सोंघाय साम्राज्याचा १४९३ साली गादीवर आलेला थोर बादशहा आस्किया मुहम्मद हा टिंबक्टूच्या बखरींत तूरे म्हणूनच येतो. त्याच नदीकाठचा अली फार्का तूरे (१९३९–२००६) हा गायक गिटारवर आपल्या गावचे सूर वाजवून जगप्रसिद्ध झाला. मालीत १९९१ साली मुसा त्राओरेची लष्करी राजवट उलथली ती आमादू तुमानी तूरे या सेनाधिकाऱ्याने. पुढच्या वर्षी त्याने सत्ता निवडून आलेल्यांच्या हाती दिली, आणि पुढे २००२ साली स्वतः निवडून येऊन राष्ट्राध्यक्ष झाला. सिकासोच्या तटाशी हरलेला तूरे-त्राओरे सामना शंभर वर्षांनी असा फिरला, असे एखादा ग्रियो गमतीने म्हणू शकेल. आणि आयव्हरी कोस्टच्या ज्या भागात सामोरीच्या नावाची धास्ती होती, त्याच्या जवळच्या बुआके शहरात जन्मलेले कोलो आणि याया तूरे हे भाऊ त्या देशाच्या फुटबॉल संघाचे आधारस्तंभ झाले. त्या संघाचे टोपणनाव हत्ती.

हत्ती गिनीतही आहे. तिथे सेकू तूरे नावाचा पोस्टखात्यातला कारकून कामगार पुढारी झाला आणि स्वतःला सामोरीचा पणतू म्हणवू लागला. त्याच्या पक्षाचे चिन्ह हत्ती. २८ सप्टेंबर १९५८ रोजी फ्रान्सने आपल्या आफ्रिकन वसाहतींत कौल घेतला, तेव्हा एकट्या गिनीने फ्रेंच छत्राला नकार दिला आणि २ ऑक्टोबरला तो देश स्वतंत्र झाला. सामोरीच्या अटकेला साठ वर्षे व्हायला एक दिवस बाकी होता. सेकू तूरेने त्या आठवणीचा पुरेपूर उपयोग केला. १९६८ साली सामोरीच्या अस्थी गॅबनहून कोनाक्रीला आणून समारंभाने ठेवल्या. १९६९ साली बेंबेया जाझ या सरकारी वाद्यवृंदाने सामोरीचे चरित्र गाण्यात बांधून त्याची तबकडी काढली. ते गीत तिथे घरोघर वाजले.

पण पूर्वजाच्या नावाने राज्य करणारा हा पणतू पुढे संशयाने पछाडला. प्रत्येक विरोधक त्याला फ्रेंचांचा हस्तक दिसू लागला, जसा काँगचा प्रत्येक व्यापारी सामोरीला दिसला होता. कोनाक्रीच्या कँप ब्वारो या तुरुंगात हजारो माणसे गेली. आफ्रिकन ऐक्य संघटनेचा पहिला महासचिव ज्यालो तेली १९७७ साली तिथेच अन्नपाण्यावाचून मेला. कारामोकोच्या झोपडीची आठवण झाल्यावाचून हे वाचता येत नाही. सेकू तूरे १९८४ साली वारला आणि सामोरी जिथे आहे त्याच कोनाक्रीच्या समाधिस्थानात त्याला ठेवले. काँगच्या मशिदी लोकांनी मातीनेच पुन्हा बांधल्या. २०२१ साली त्या भागातल्या मशिदींची युनेस्कोने जागतिक वारशात नोंद केली, त्यांत काँगची आहे. कोनाक्रीत वीर आणि काँगमध्ये विध्वंसक. एकाच आडनावाची ही दोन तोंडे त्या दोन देशांतले लोक अजून वागवतात.

आणखी एका तूरेबद्दल सांगायचे राहिले. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चळवळीतला एक तरुण पुढारी होता, स्टोकली कारमायकल. जन्म १९४१ चा, त्रिनिदादमधल्या पोर्ट ऑफ स्पेनचा. कारमायकल हे स्कॉटिश आडनाव. आफ्रिकेतून जहाजात घालून नेलेल्या माणसांची जामू समुद्रातच बुडाली आणि त्यांच्या वंशजांच्या वाट्याला मळेवाल्यांच्या जगातली आडनावे आली. हा तरुण १९६९ साली आपली पत्नी, दक्षिण आफ्रिकेची गायिका मिरियम मकेबा, हिच्यासह गिनीत राहायला गेला. घानातून पदच्युत होऊन तिथे आलेला क्वामे एन्क्रूमा आणि सेकू तूरे या दोघांना त्याने गुरू मानले आणि पुढे दोघांच्या नावांचे जोडून आपले नवे नाव केले, क्वामे तूरे. मग आयुष्यभर तेच वापरले. गुलाम म्हणून विकल्या गेलेल्यांच्या नातवाने जे आडनाव हवे म्हणून उचलले ते अशा घराण्याचे, ज्याच्या सर्वांत मोठ्या पुरुषाने घोड्यांसाठी माणसे विकली होती. हे त्याला ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. त्या घरांत, त्या ग्रियोंमध्ये तो तीस वर्षे राहिला. त्याने ते तरीही घेतले. नोव्हेंबर १९९८ मध्ये तो कोनाक्रीतच वारला आणि त्याच मातीत त्याला पुरले. सामोरीला गेलेमूच्या छावणीत धरले त्याला त्या वर्षी शंभर वर्षे झाली होती.